श्वासापुरतं भोक

हात लागला की मातीचा आधी सापच होतो.
दोन तळव्यांत धरली, वळली, लांबली, झाला.
म्हणून पहिल्या रविवारी माझ्या ओट्यावर
अकरा मुलांचे अकरा साप
आणि एदेन बागेत झाड एकही नाही.
मी म्हटलं, असू दे. गोष्ट तिथूनच तर सुरू होते.

आयाकुचोच्या वरच्या अंगाला, आमच्या डोंगरात
माती तांबडी. पावसात चप्पल धरून ठेवते,
उन्हात टाचेसारखी भेगाळते.
वडील तिची देवळं करायचे, दोन मनोऱ्यांची,
नव्या घराच्या कौलांवर बसवायला.
मी तिचे आदाम करते. म्हणजे, करून घेते.
पाद्री महिन्यातून एकदा येतात, टेम्पो मिळाला तर.
बाकीचे रविवार माझे.

नोहाच्या तारवात सगळ्यांत आधी लामा चढल्या.
हत्ती कुणी पाहिलेला नाही,
सिंहाच्या आयाळीचा विल्बरला कंटाळा आला.
नेलिदानं लामा तीन केल्या.
दोनच हव्यात गं, जोडी.
"तिसरीची आई वारली," ती म्हणाली.
"तिला पाण्यात ठेवू?"
बायबल उघडून मी बराच वेळ बघत राहिले,
मग तारू दोन बोटं रुंद केलं.

सेफेरिनो मात्र कुणात नव्हता.
समुद्र न पाहिलेल्या त्या पोरानं मासा केला,
आमच्या ओढ्यातल्या ट्राउटसारखा, ठिपक्यांसकट,
आणि त्याच्या पोटात योना.
योना आधीच उन्हात वाळवलेला, करंगळीच्या पेराएवढा,
सुक्या पानात गुंडाळून आत ठेवला,
म्हणजे ओल्या पोटाला चिकटायला नको.
हे मी त्याला शिकवलं नव्हतं.
मग तोंड लिंपलं. सांधा ओल्या बोटानं मिटवला.

"भोक ठेव," मी म्हटलं. "हवा कोंडली
तर आव्यात फुटेल."
"भोक ठेवलं तर पाणी शिरेल."
"तीन दिवसांचा तर प्रश्न."
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
त्याचा बाप खाणीत जातो, एकवीस दिवस तिकडे,
सात दिवस घरी. पोराचं मोजणं पक्कं आहे.
"तीनच?" तो म्हणाला.

रात्री मी कंदील घेऊन फळीपाशी गेले.
निवडुंगाचा काटा,
पोटाखालच्या पराच्या आड,
एकदाच टोचला, फिरवला, काढला.
लबाडी म्हणा. मी कुंभाराची पोर,
माती ओली आहे तोवर देवानंही एवढं केलंच होतं:
नाकाला दोन भोकं, मग फुंकर.

शनिवारी निलगिरीची लाकडं रचली, वर शेण्या.
धूर दरीत उतरला, जागा न मिळाल्यासारखा परत आला.
मध्यरात्री आत काहीतरी फाडकन वाजलं.
मी उठून बसले. मासा.
दुसरं काही मनात आलंच नाही.

सकाळी राख उपसली.
फुटला होता माझा गब्रीएल,
सगळ्यांत मोठा, देवळाच्या दारासाठी केलेला,
पोट आणि पंख आतून पोकळ.
चार दिवस घोटत होते त्याला.
भोक ठेवायचं राहिलं होतं.

सेफेरिनोनं मासा दोन्ही हातांत घेतला. अजून ऊन होता.
कानाशी धरून हलवला.
आत वाजलं, खुळ.
"आहे," तो म्हणाला.
मग त्याचं बोट पोटाखाली गेलं आणि थांबलं.
मी राखेत काहीतरी शोधू लागले.
तो मला काही बोलला नाही.
त्या भोकाला ओठ लावून, आमच्या केचुआत,
आत काहीतरी सांगत राहिला, बरंच लांबलचक,
मग कान लावून बसला.

नेलिदानं पंखाचा एक खोलगट तुकडा उचलला,
राख फुंकली.
"हा मी घेते," म्हणाली,
"तिघींना पाणी प्यायला."