प्लॉट नंबर सत्तावीस

उमरेड रोडवरून आत वळलं की हिवरखाप्याची पाटी,
तिला झाकून दुसरी : सरोवर एन्क्लेव्ह, फेज दोन.
बोपचे म्हणाले, "साहेब, पाहून घ्या.
सातबारा क्लिअर, एनए झालेलं, रिंगरोड दहा मिनिटं.
पाच वर्षांत डबल. लिहून देतो."
लिहून त्यांनी काही दिलं नाही.

ग्रॅच्युइटी बँकेत पडून होती.
पोरगा बंगळुरूहून रोज विचारायचा, बाबा, घेतला का?
मी आपली यादी करून आणली होती,
एका जुन्या लॉगशीटच्या मागल्या बाजूला :
बोअरला पाणी किती फुटांवर,
उतार कुठून कुठे,
नाला किती लांब, नकाशात किती आणि खरोखर किती,
जमीन काळी की मुरमाड.
काळी असेल तर पाया खोल घ्यावा लागतो,
ती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते,
तिचं मन भिंतींना कळत नाही.

सरोवर कुठं आहे, मी विचारलं.
बोपचे हसले. "नाव आहे जी ते."

मे महिना. सत्तेचाळीस.
चुन्याच्या रेघांच्या आत सावली म्हणून नाही,
फक्त कोपऱ्यात एक अर्जुन, अर्धा वाळलेला.
अर्जुन पाण्याच्या काठानं वाढतो,
इथं तो कुणाच्या काठाला उभा होता?
सत्तावीस नंबरवर टिटवीचा ताबा.
चार अंडी, गिट्टीसारखीच दिसणारी, उघड्यावर.
आम्ही जवळ गेलो तशी ती डोक्यावरून ओरडत फिरू लागली.
"उडून जाईल," बोपचे म्हणाले. "ईस्ट फेसिंग आहे."

चौकीदार आला पाण्याची कॅन घेऊन.
दयाराम मारबते. नाव विचारल्यावर थोडा दचकला.
"इथं बोडी होती साहेब, शिंगाड्याची.
दोन पोरी उजवल्या म्या शिंगाड्यावर.
तुमी उभे हा ना, तिथं गळ्याइतकं पाणी राहे."
मग बोपचेंकडे पाहून आवाज खाली आणला :
"पाऊस आला का येतेच ते अजून,
आपलं घर पाहाले."

मी वहाण काढली.
वर मुरूम, वीतभर. टाचेनं उकरला,
तर खाली करडं, मऊ, दळल्यासारखं काहीतरी.
चिमटीत धरलं.
डोक्याच्या आधी बोटांनी ओळखलं.

एकतीस वर्षं मी राखेच्या सेक्शनला होतो.
वीज तारेनं जायची, शहरातले कूलर फिरायचे,
उरलेलं माझ्याकडे यायचं.
टन मोजायचे, ट्रकचा नंबर टाकायचा, सही करायची.
गेटाबाहेर कुठं जातो ट्रक,
त्याला रजिस्टरात रकाना नव्हता.
घरी बायको म्हणायची, तुमच्या बनियनला कसला हो रंग हा,
मी म्हणायचो, साबण बदल.

"कोणत्या गाड्यांनी भरलं हे?" मी मारबतेला विचारलं.
"रात्रीच्या," तो म्हणाला.
नंबर त्याला आठवत नव्हते.
मला काही आठवत होते, उगाच,
पण इथं आले ते तेच, असं कसं म्हणू?

बोपचे घड्याळ पाहत होते.
"एकवीस हजार टोकन, साहेब. उद्या रेट वाढतो."
मी म्हटलं, अंडी फुटेपर्यंत इथं मशीन लावू नका.
"म्हणजे घेता?"
म्हणजे लावू नका.
त्यांना वाटलं, मी घासाघीस करतोय.
त्यांनी दर चौरस फुटामागे पन्नास रुपये कमी केले.

खिशात फोन थरथरला. पोरगाच असणार.
अर्जुनाच्या त्या अर्ध्या सावलीत यादी उघडली.
पाणी, उतार, नाला, सगळ्यांपुढे जागा कोरीच.
खाली एक ओळ वाढवली : भराव, राख.
आणि त्यापुढे, हाताच्या सवयीनं,
तारीख, वेळ, सही.