डीपीचा सूर

आमच्या शिवारातली डीपी
पांढरी पाचमध्ये गुणगुणते,
केसभर चढी.
तिच्यावरच लावून घेतला मी
आर्वीहून जुना आणलेला सिंथ.
स्पीकर कापसाच्या गंजीत रुतलेला,
खाली ट्रॅक्टरची बॅटरी.

काल साडेअकराला लाइन गेली.
डीपी गप्प.
मी तिचा सूर धरून ठेवला
आणि वर सोडत गेले
थंडी, तुरीचा वास,
नाल्यापलीकडचं कुणाचं ऑइल इंजिन,
एकेक बटण पिळत,
घाई न करता.

धुऱ्यावर टॉर्च हलला.
डोक्यावरून घोंगडी, कवडूजी:
"लाइन आली ना व पोरी?
आवाज आयकू आला
म्हून निंगालो मोटार लावाले."

"नाई जी. मीच होती."

ते तिथंच टेकले.
टॉर्च विझवला.
"राहू दे मंग चालू.
हरभरा कोठी पयून चालला?"