एक ठोका म्हणजे पाणी

येसेनित्सेत ऑक्टोबर लागला की
आमच्या रेडिएटरांच्या पोटात गुरगुर सुरू व्हायची,
उपाशी माणसाच्या पोटात होते तशी,
नेमकी पाहुण्यांसमोर.
खालून हात लावू देत नसत,
वरून मात्र गार,
वासराच्या नाकासारखे.

बाबा म्हणायचे, हवा धरलीय.
आणि छताकडे बघायचे.

छताच्या वर चिरिल काका.
घर एक, बॉयलर एक,
तळघरात बीचची लाकडं खाणारा,
पाणीही एकच, दोघांच्या भिंतींतून फिरणारं.
बोलणं तेवढं तुटलेलं,
डोंगराखालच्या कुरणावरून,
जे शेवटी विकलंही गेलं नाही.
तिथं अजून कुणाच्या तरी गाई चरतात.

हवा खालून काढत वर जायचं असतं.
आधी आमचं स्वयंपाकघर, मग माझी खोली.
चावी इवलीशी, चौकोनी तोंडाची,
जिन्याच्या मधल्या खिळ्यावर टांगलेली,
ना त्यांची, ना आमची.
मी वाटी धरायची.
बाबा स्क्रूला पाव फेरा द्यायचे
आणि सूऽऽऽ,
गंजक्या लोखंडाचा वास,
वर्षभर कोंडलेला.
मग थुंकल्यासारखे दोन थेंब,
मग सलग काळी धार.
"बस," बाबा म्हणायचे, धारेलाच जणू,
आणि चावी उलटी फिरवायचे.

ती मी खिळ्याला लावून यायची.
थोड्या वेळानं वरून पावलं उतरत,
थांबत,
चढत.

वरची हवा निघाली की दाब उतरतो.
म्हणून बाबा तळघरात, हात तोटीवर, डोळे काट्यावर,
आणि काका वरून पाइपवर ठोकायचा.
एक ठोका: पाणी सोड.
दोन: पुरे.
अकरा वर्षांत दोघा भावांमधलं
मी ऐकलेलं संभाषण एवढंच.
दोघंही पोलादाच्या कारखान्यातले,
लोखंडातून बोलायचं त्यांना काही वाटत नसे.

त्या वर्षी ठोका आलाच नाही.
काटा दीडवरून एकावर,
एकावरून आणखी खाली.
बाबांनी तोटी उघडली, काटा चढला,
बंद केली, परत घसरला.
"काय करतोय हा गाढव."
ते तोटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे,
मग जिन्याकडे.

सतरा पायऱ्या. त्यांच्यामागून चढताना मी मोजल्या.
खिळा रिकामा होता.

काका गुडघ्यांवर,
खिडकीखालच्या रेडिएटरला बिलगलेला.
स्क्रू निसटून कपाटाखाली गेलेला,
अंगठा भोकावर,
आणि अंगठ्याच्या कडेनं काळं पाणी
शर्टावर, पडद्यावर, भिंतीवर,
कॅलेंडरवरच्या संताच्या दाढीपर्यंत.
सोडावं तर पूर.
धरून ठेवावं तर पाइपपर्यंत हात पोचत नाही.
हाक मारावी तर
ती सवय राहिलेली नाही.

बाबा शेजारी बसले.
आपला अंगठा त्याच्या अंगठ्याला लावला.
"काढ तुझा."
"गरम आहे."
"दिसतंय."

मी कपाटाखाली पालथी,
धूळ, एक बटण, अक्रोडाची टरफलं,
आणि वर दोन म्हातारे श्वास,
कुणाचा कुठला ते कळेना.
"सापडला?" दोघांनी एकदम विचारलं.

त्यानंतर काही फार झालं नाही.
काकानं टॉवेल पुढे केला,
बाबांनी हात आपल्या विजारीलाच पुसले.
कुरण होतं तिथंच राहिलं.
भिंतीवरचा डाग काकानं रंगवला नाही,
आळस असेल.

पुढच्या ऑक्टोबरात बाबा तळघरात,
मी दिवा धरून उभी,
आणि पाइपवर ठोके आले.
एक नाही, दोन नाही,
तीन.

"तीन म्हणजे काय?" मी विचारलं.
बाबा काट्यावरून नजर न काढता म्हणाले,
"तीन म्हणजे स्क्रू हातात आहे."