शून्याचा दगड

पैठणला उतरलो तेव्हा
चहावाला नुकताच स्टोव्हला पिन मारत होता.
दादांनी त्याला विचारलं, डाव्या कालव्याचं तोंड कुठं?
आणि मी त्यांच्याकडं बघतच राहिले.
एकतीस वर्षं त्याच कालव्यावर नोकरी केलेला माणूस
रस्ता विचारत होता.

"माझा कालवा चौऱ्याहत्तर ते शहाण्णव," ते म्हणाले,
"अलीकडचा मला काय ठाऊक?
पलीकडचाही नाही."

माझ्या पाठीवर नवी सॅक, पट्ट्यांना अजून दुकानाचा वास.
त्यांच्या खांद्याला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी:
दशम्या, जवसाची चटणी, बॅटरी,
गुडघ्याचं तेल आणि एक पाना.
पाना कशाला, दादा?
"असू दे. गेट म्हणलं की लागतो."
रिटायर होऊन आठ वर्षं झालीत.

आई म्हणाली होती, परभणीला यष्टी जात नाही का?
दोनशे आठ किलोमीटर पाय तुडवून
काय आणणार आहात बापलेक?
मग तिनंच सॅकच्या कप्प्यात खड्याच्या मिठाची पुडी कोंबली,
रात्री पाय बुडवायला.

फाटकावरच्या पोरानं अडवलं. पास?
दादांनी ओळखपत्र काढलं.
लिंबाजी सटवाजी खिल्लारे, कालवा चौकीदार.
फोटोतले केस काळे, कॉलर ताठ.
पोरगं फोटोकडं बघे, मग दादांकडं.
"हे तुम्हीच का?"
"होतो," दादा म्हणाले.

फाटक उघडताना ते पोरगं म्हणालं,
पाळी पहाटे चारला सुटली, काका,
पाणी पुढं गेलं तुमच्या.

शून्याचा दगड बाभळीखाली आहे,
रंग उडालेला, शून्याचा अर्धाच गोल राहिलेला.
दादांनी त्यावर हात ठेवला
दुसऱ्याच्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, जपून.
मग बुटाची नाडी बांधायला वाकले
आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.
मी हात दिला नाही.
दिला असता तर आम्ही तिथूनच परतलो असतो,
असं का वाटलं, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दगडापर्यंत कुणीच बोललं नाही.
एका अंगाला हुरड्यात आलेली ज्वारी,
एका अंगाला गढूळ पाणी
आणि त्यावर एक निळी चप्पल.
ती थोडा वेळ आमच्या बरोबरीनं चालली,
मग निघून गेली पुढं.
"पाण्यासंगं शर्यत लावू नको, अयोध्ये.
ते रात्रीबी चालतं."

तिसरा दगड मागं पडल्यावर ते आपण होऊन सांगू लागले,
माझ्याकडं न बघता, जणू पाण्यालाच:
"एकदा टेलवरचा एक माणूस आला होता. सायकलवर.
दोन दिवस लागले म्हणला.
मला वाटलं, आता शिव्या देतो,
टेलची माणसं आली की शिव्याच द्यायची.
ह्यानं नाही दिल्या.
खाली उतरला, कोपरापर्यंत हात घातला पाण्यात.
'हितनं तर जातंय की,' म्हणला.
हात शर्टाला पुसला अन् गेला."

नाव नाही विचारलं?
"गावबी नाही."
मी कितवीत होते तेव्हा?
"तू कुठली? तू व्हायची होतीस अजून."

म्हणजे हे चालणं
माझ्याहून थोरलं आहे.

चौथा दगड सापडलाच नाही.
नेला असेल कुणी, धुणं धुवायला.
दादा म्हणाले, धरायचा.
मी म्हणाले, दिसलाच नाही तर धरायचा कसा?
ते थांबले. मागं बघितलं, पुढं बघितलं,
ओठ हलवत काही पावलं मोजली,
एका बाभळीपाशी उभे राहिले,
खिशातली तंबाखूच्या चुन्याची डबी काढली
आणि बुंध्यावर बोटानं
चार काढला.

"हं," म्हणाले, "चल."