न फवारलेली ओळ

सांगोल्यापासून आत, माण नदीच्या अलीकडं
मायाक्का खरातचा सव्वा एकर भगवा.
सोलापुरातनं पहाटेची एसटी धरून मी जायचे,
पिशवीत भिंग, फूटपट्टी, नमुन्यांची पाकिटं
आणि एक वाक्य, जे बोलायला मला तीन खेपा लागल्या:
आक्का, ही चौथी ओळ फवारायची नाही.

बाकी सगळं तिला पटलं होतं.
छाटताना झाडागणिक कात्री औषधाच्या डब्यात बुडवायची,
कारण पाऊस नसला तरी तेल्या चालतो,
आपल्या हातानं, आपल्याच पात्यावरून.
हे ऐकून ती बराच वेळ कात्रीकडं बघत राहिली.
"म्हंजी इतकी वर्सं मीच वाटत हुते व्हय,
परसादासारखा?"
मोरचूद वेगळं, चुना वेगळा, मग एकत्र,
आणि त्यात विळ्याचं पातं बुडवून बघायचं:
तांबूस झालं तर चुना कमी पडला.
हे तिला माझ्यापेक्षा लवकर जमलं.
विळा तिचा होता.

पण ओळ सोडायची?
आजारी पडू द्यायची, डोळ्यांदेखत, मुद्दाम?
तुलनेला लागते, मी म्हणाले,
नाहीतर कसं कळणार, गुण औषधाचा
की यंदाच्या कोरड्या हवेचा?
"घरात पाच पोरं. चौघांना वाढायचं आन् एकाला न्हाय.
कशापायी, तर जेवल्यावर पोट भरतं का बघाय?"
माझ्याकडं उत्तर होतं. पुस्तकात होतं.
ते मी दिलं नाही.
वीस झाडं होती त्या ओळीत.
ओळखू यावीत म्हणून तिनं बुंध्यांना
फाटक्या चादरीच्या लाल-काळ्या पट्ट्या बांधल्या,
अंगारा-दोरा बांधावा तशा.

परतीचा पाऊस तीन दिवस बसला.
आठव्या दिवशी चौथ्या ओळीत पहिला डाग,
टाचणीच्या डोक्याएवढा, ओला दिसणारा.
मग फळांवर.
मग फळं उकलली, आतले दाणे अजून फिकट.
मी मोजत गेले. मोजणं माझं काम.
मायाक्का त्या ओळीशेजारून जाताना
पदर त्या बाजूनं ओढून घ्यायची.

एका सकाळी अकराव्या झाडाच्या पानांवर निळसर साय.
फक्त अकराव्या.
मी विचारलं नाही, तीच म्हणाली,
"तुझ्या कागदाला एक झाड कमी पडलं तर काय हुतंय?"
काय होतं ते मला माहीत होतं.
रात्री हिशेब पुन्हा केला, एकोणीसवर.
सरासरी हलली थोडी. फरक राहिला.
वहीत लिहिलं: झाड क्र. ११, वगळले.
पुढं 'कारण' असा रकाना होता, बोटभर रुंद.
त्यात काही मावेना.

दोन वर्षांनी घडीपत्रिका निघाली, गुळगुळीत कागदाची.
त्यात एक कोष्टक: फवारलेली, न फवारलेली.
न फवारलेलीपुढं एक आकडा, दशांश चिन्हासकट.
त्यात पदर नाही, पट्ट्या नाहीत.
आकड्याला ते ओझं झेपतही नाही, त्याला लांब जायचं असतं,
मायाक्काला कधी न भेटणाऱ्या माणसांच्या बांधावर.

द्यायला गेले तेव्हा चौथी ओळ नव्हती.
मुळासकट काढलेली, खड्डे चुन्यानं पांढरे.
अकरावं झाड तेवढं उभं,
दोन फळं, त्यातलं एक डागाचं.
"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, मी काही न बोलताच.

बांधापलीकडं बिरा छाटणी करत होता.
त्याला कुणी पत्रिका दिली नव्हती
आणि दिली असती तरी त्यानं विडी पेटवली असती तिच्यावर.
एक झाड संपवून तो दुसऱ्याकडं वळला,
आणि मायाक्का बोलता बोलता थांबून ओरडली,
"आरं बुडीव की, मेल्या!"

त्यानं वर न बघता कात्री बुडवली.
डबा होता त्याच्याजवळ.