हाताचं काम

परळच्या प्रयोगशाळेत माझ्या हाताला काम आहे.
बाकीचा मी नुसता स्टुलावर बसून असतो.

पिंजऱ्यात दोनशे माद्या, कालपासून उपाशी.
शिवडीच्या टायरांतून त्यांच्या पणज्या आणल्या होत्या,
ह्या इथल्याच, जाळीत जन्मलेल्या,
पायांवर पांढरे पट्टे.
आधी डावा हात, कोरडा.
अर्ध्या मिनिटात तुटून पडतात.
"भूक आहे," फ्रेनी मॅडम म्हणतात,
मग हात बाहेर काढू देतात.
नंतर उजवा, तेल चोळलेला.

गवती चहाला त्या बिचकतात,
उसने पैसे मागायला आलेल्यांसारख्या
घुटमळत राहतात कोपऱ्यात.
चाळीस मिनिटं. मग एक टेकतेच.
निरगुडी अर्ध्या तासात हरली.
तुळशीचं विचारू नका,
संध्याकाळी कुंडीपुढे हात जोडताना
मलाच कसंसं होतं.
लवंग टिकते, दोन तासांच्या वर,
पण मनगटाशी कातडी लाल होऊन चुरचुरते.
मॅडम तेही वहीत लिहून घेतात.

"तेल खोटं नसतं, मयेकर," त्या म्हणतात,
"उडून जातं, एवढंच."

अँटॉप हिलपर्यंत वास सोबत येतो.
लवंगेच्या दिवशी बायको विचारते,
"कुणाचा दात दुखतोय?"
गवती चहाच्या दिवशी शेजारची शकीला
कप घेऊनच दारात उभी.

गेल्या ऑक्टोबरात कस्तुरबामध्ये
निशिकांतच्या प्लेटलेट मोजत होते,
सकाळी एक आकडा, संध्याकाळी एक.
मी बाकावर बसून माझे हात बघत होतो.
पगारापायी हजारो चावे खाल्लेले,
आणि त्या एका चाव्याच्या वेळी
दोन्ही परळला, पिंजऱ्यात.

आता रात्री तो झोपला की
उजवा हात त्याच्यावरून पसरून पडतो.
वास उरलेला असतो, धाक नसतो,
माझ्याइतकं हे कुणाला ठाऊक?
तरी पडतो.

काल वीज गेली, पंखा थांबला.
कानाशी ती बारीक शिट्टी.
मोबाइलच्या उजेडात पाहिलं,
पायांवर पट्टे नाहीत.
ही गटाराची, आमच्यातली नव्हे.
पोराच्या गालावरून फिरून
माझ्या मनगटावर बसली, लाल डागाच्या जरा अलीकडे.

मारायच्या आधी मी घड्याळ बघितलं.
एक वाजून दहा.