सेट तोच राहू दे

गाडी घेतली ती पुराच्या दुसऱ्या वर्षी,
हळदीच्या एका अडत्याकडून, स्वस्तात.
शिरगुप्पे म्हणाले, पाणी सीटपर्यंत चढलं होतं,
सेटपर्यंत नाही.
सेटमध्ये एक सीडी अडकलेली.
बाहेर येत नाही, वाजते मात्र.
"आणि बॅटरी काढू नका," किल्ली देताना ते म्हणाले,
"काढली की कोड मागतो, चार आकडी.
लिहिलेली वही पाण्यात गेली."

तीन वर्षं ऐकली ती सीडी.
कुणाच्या तरी माडीवरची घरगुती बैठक.
पेटी पत्र्याच्या डब्यातून, तबला उशीखालून,
गाणारा तर थेट नदीपलीकडून.
खर्ज लागला की डाव्या दाराची काच
दात वाजवायची.

शंभर फुटीवर दस्तगीरचं दुकान.
एक शटर, एक बाकडं,
भिंतीवर नवे सेट, टीव्हीएवढे, निळे निळे.
म्हणालो, सेट तोच राहू दे, बाकी काय ते कर.
वाटलं, हसेल. विकायला बसलेला माणूस.
तो म्हणाला, "सर, डोकं बदलून आवाज सुधारत न्हाई.
घसा बघूया आधी."

दाराचं पॅनल निघालं
तसा आतून भुरभुर गाळ सांडला,
कृष्णेचा, वाळून राखेसारखा,
आणि त्यात एक पिवळी रेघ. हळद.
स्पीकरचा कागद कडेनं फाटलेला,
वर बुरशीनं कसलासा नकाशा काढलेला.
"ह्यातनं गात हुता बिचारा," दस्तगीर म्हणाला.
गाणारा की स्पीकर, मी विचारलं नाही.

त्याचे मामा मिरजेत तंबोरे करतात.
सुट्टीत हा भोपळे घासायला जायचा.
ते सांगत सांगत त्यानं पत्र्यावर
काळ्या डांबरी पट्ट्या चिकटवल्या,
रोलरनं दाबून, कोपरा न् कोपरा,
जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालावीत तशा.
मग बोटाच्या पेरानं टकटक.
मघाशी डबा वाजत होता, आता लाकूड.
"तिकडं भोपळा बोलता करायचा,
हितं दार गप करायचं. एवढाच फरक."

अ‍ॅम्प बसवायचा तर बॅटरी सोडवावी लागते.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
त्यानं शेजारच्या रसवंतीच्या टेम्पोची बॅटरी आणली,
लालला लाल, काळ्याला काळी जोडली
आणि मग आमची सोडवली.
सेटवरचं घड्याळ, अकरा मिनिटं पुढचं,
पापणी न लववता चालत राहिलं.
"तुमच्यापेक्षा मलाच भ्या वाटत हुतं," तो म्हणाला
आणि उसाचा रस मागवला. पैसे बिलात लावले.

सेटच्याच वायरींतून सूर उचलला,
काडेपेटीएवढ्या डबीतून सीटखालच्या अ‍ॅम्पला दिला.
समोरून काही कळत नाही.
बटण तेच, झिजून गुळगुळीत.
"मोठा करू?" मी विचारलं.
"बारीक ठेवून ऐका. मोठा कुणीबी ऐकतंय."

संध्याकाळी, आयर्विन पुलाच्या अलीकडे,
गाडी बाजूला घेऊन ऐकलं.
गाणारा नदी ओलांडून आला होता.
शाईवरचं बोट वेगळं, काठावरचं वेगळं.
कुणी बशीत कप ठेवला.
एक दार करकरलं; मी माझी चारही दारं तपासली,
ते त्यांचं होतं.
आणि तान सुरू होण्याआधी, मागून, हळूच,
तीन वर्षांत एकदाही ऐकू न आलेलं:
"जरा सरकून बसा."

शिरगुप्प्यांना फोन लावला. ते आता बेळगावात, लेकीकडे.
फोन दाराशी धरला.
बराच वेळ तिकडून काही नाही.
मग म्हणाले, "सरकून बसा म्हणतोय, तो मीच.
माणसं फार झाली होती त्या दिवशी."
मग परत काही नाही. मग एकदम,
"अहो, कोड आठवला! घ्या लिहून. सात, शून्य..."

पेन खिशातच राहिलं.
मी हो हो म्हणत गेलो.
डाव्या दारात खर्ज लागला होता
आणि काच गप्प होती.